पावणेतीन फुटांची मोटार

1970 सालच्या ऑक्टोबरअखेरीस इटलींतील तुरिन शहरीं मोटारींचें प्रदर्शन भरलें, तेव्हां बर्तोने या प्रसिद्ध कारखान्याच्या मांडवांत एक विलक्षण वस्तु ठेवलेली होती. ती मोटार आहे, हें पाहणारास सांगावेंच लागावें असें तिचें रूप होतें. जमिनीपासून तिचा माथा अवघा 84 सेंटीमीटर, म्हणजे पावणेतीन फूट! जेवणाच्या टेबलाला लावलेल्या खुर्चीची पाठदेखील बहुधा याहून उंच असते. लांबी पावणेबारा फूट, रुंदी सहा फुटांहून थोडी अधिक. टोंकापासून जी एक सरळ रेघ निघाली ती समोरच्या कांचेवरून न मोडतां तशीच वर चढत माथ्यापर्यंत गेलेली. एंजिनाचें झांकण कोठें, माणसें बसण्याची जागा कोठें आणि छप्पर कोठें, हा भेद जणूं पुसूनच टाकला होता. सुतार लांकूड फोडतांना जी पाचर ठोकतो, ती मोठी करून तिला चार चाकें लावावीं, असा तो आकार होता. डाव्या-उजव्या बाजूंस दारें नव्हतीं. समोर डोळ्यांसारखे दोन दिवे असावे, तेहि नव्हते. नाकाच्या कडेला लहान दिव्यांची एक बारीक ओळ होती, एवढेंच.

या गाडीचें नांव स्ट्रॅटोस. पुढें याच नांवाची दुसरी गाडी झाल्यामुळें या पहिलीस ‘झीरो’ म्हणूं लागले, व येथें सोयीसाठीं तेंच नांव वापरलें आहे. अशा विचित्र गाड्या प्रदर्शनांतून नेहमींच येतात. चार दिवस त्यांचीं छायाचित्रें छापून येतात आणि मग त्या एखाद्या गुदामांत धूळ खात पडतात. झीरोची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपली नाहीं. तिच्यापासून जी गाडी निघाली तिनें युरोपांतील डोंगरांत अनेक वर्षें भल्याभल्यांस हार खावयास लाविली. तथापि त्या विजयी गाडींत मूळ पाचरीचें काय उरलें आणि काय टाकून द्यावें लागलें, हें पाहण्यासारखें आहे.

तुरिनचें नांव आपल्याकडील वाचकांस कॅव्हूरच्या चरित्रावरून परिचित असतें. पीडमाँटची ही राजधानी 1861 सालीं एकीकृत इटलीची पहिली राजधानी झाली व चारच वर्षांनीं तिचें तें वैभव गेलें. राजदरबार गेला, पण विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींचे कारखाने आले. फियाट तेथलीच, लान्चियाहि तेथलीच. या कारखान्यांच्या आश्रयानें तेथें आणखी एक धंदा वाढला. तो म्हणजे मोटारीची बॉडी बांधणाऱ्या कारागिरांचा. पूर्वीं मोटारीचा कारखाना एंजिन, चाकें आणि खालचा लोखंडी सांगाडा तेवढा विकी. त्यावरचें अंग हौशी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाचें. घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्यांचीच ही पुढची पिढी. जोव्हान्नी बर्तोने यानें 1912 सालीं तुरिनमध्यें आपलें दुकान थाटलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याच्या मुळावरच घाव बसला. सांगाडा आणि अंग वेगवेगळीं न करतां पोलादी पत्र्याचें एकसंध कवच मोठमोठ्या यंत्रांखालीं दाबून काढण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. सांगाडाच वेगळा मिळेना, तेव्हां त्यावर अंग चढविणार कोण? शेंकडों कारागिरांनीं हातोडे खालीं ठेविले. जे तरले ते दोनच गोष्टींवर: एक तर कारखानदारांस नव्या गाडीचा आकार योजून द्यावयाचा, किंवा ज्या गाड्या मोठ्या कारखान्यास थोडक्या संख्येनें बनविणें परवडत नाहीं त्या त्याच्या वतीनें आपल्या छपराखालीं बांधून द्यावयाच्या. जोव्हान्नीचा मुलगा नूच्चो बर्तोने यानें 1954 पासून अल्फा रोमिओची जूलिएत्ता स्प्रिंट ही गाडी याच रीतीनें बांधून घराणें सांवरलें. कामाची मागणी आली तर कारखाना चालावयाचा, न आली तर मजुरांचे पगार घरांतून द्यावयाचे, असा तो व्यवहार होता. प्रदर्शनांतील अद्भुत गाड्या या हौसेच्या वाटल्या तरी वस्तुतः ते नोकरीसाठीं केलेले अर्जच असत. झीरो हा असाच एक अर्ज होता, आणि तो होता लान्चियाच्या नांवें.

लान्चिया हें 1906 सालचें, अभिमानी परंपरेचें घराणें. त्याच्या नामांकित गाड्यांची आखणी मुख्यतः पिनिनफारिना या बर्तोनेच्या तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याकडे असे. 1969 सालीं कर्जानें वांकलेली लान्चिया फियाटनें विकत घेतली. धनी बदलला म्हणजे जुने संबंधहि सैल होतात, हें ओळखण्याइतका नूच्चो मुरलेला होता. शिवाय लान्चियाची फुल्व्हिया ही शर्यतीची गाडी आतां वयस्क झाली होती व तिच्या जागीं दुसरी हवी होती. बर्तोनेनें झीरोसाठीं एंजिन व यंत्रभाग घेतले ते मुद्दाम फुल्व्हियाचेच. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचें चार नळ्यांचें, 1,584 घन सेंटीमीटरांचें, सुमारें 115 अश्वशक्तीचें तें एंजिन. फुल्व्हियांत तें पुढें असे. येथें तें उचलून बसणारांच्या पाठीमागें नेलें.

पण मुख्य प्रश्न राहिला: हा पाचरीचा आकार आला कोठून? त्यासाठीं मार्चेल्लो गांदिनी याची ओळख करून घेतली पाहिजे. 1938 सालीं तुरिनमध्येंच त्याचा जन्म झाला. वडील वाद्यवृंदाचे संचालक. मुलाचें मन मात्र सुरांपेक्षां यंत्रांत अधिक रमे. 1965 सालीं जोर्जेत्तो जुजारो हा बर्तोनेचा नामांकित आरेखक काम सोडून गेला व त्याच्या जागीं सत्तावीस वर्षांच्या गांदिनीची नेमणूक झाली. पुढल्याच वर्षीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत लाम्बोर्गिनीची म्युरा झळकली. तिचें अंग इतकें सुडौल होतें कीं आजहि जगांतील सुंदर मोटारींत तिची गणना होते. पण सुंदर म्युराला एक खोड होती. अतिवेगांत तिचें नाक हलकें होई. कारण सोपें आहे. वरून फुगीर आणि खालून सपाट असें अंग वाऱ्यांतून वेगानें जाऊं लागलें म्हणजे विमानाच्या पंखाप्रमाणें वर उचललें जातें. विमानास तें इष्ट, मोटारीस घातक. कारण पुढचीं चाकें जमिनीवर नीट टेकलीं नाहींत तर स्टिअरिंगचें चाक फिरवून उपयोग काय?

या खोडीवर गांदिनीनें शोधलेला उपाय म्हणजे पाचर. नाक जमिनीशीं भिडलेलें ठेवावें, म्हणजे खालीं शिरणारी हवाच कमी होते; आणि तेथून वर सरळ उतार द्यावा, म्हणजे समोरून येणारा वारा त्या उतारावर दाब देऊन नाक खालीं धरून ठेवतो. ही कल्पना त्या वर्षीं एकट्या तुरिनमध्येंच घोळत होती असें नाहीं. 1968 च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या शर्यतींत लोटस या इंग्रज कारखान्याच्या पाचरीसारख्या टर्बाइन-गाड्या उतरल्या होत्या. त्यांतली एक अवघे नऊ फेरे उरले असतां आघाडीवर होती, तोंच तिचें एंजिन विझलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पॅरिसला गांदिनीनें कराबो मांडली. अल्फा रोमिओच्या तेहतीस क्रमांकाच्या शर्यती जातीच्या सांगाड्यावर बांधलेली ही गाडी सव्वातीन फूट उंच होती. एका चकाकत्या भुंगेऱ्याच्या कुळावरून तिचें नांव पडलें होतें व रंगहि तसाच हिरवा होता. तिचीं दारें कात्रीच्या पात्यांसारखीं वर उघडत. म्युरा आणि कराबो यांत दोनच वर्षांचें अंतर आहे, आणि दोन्ही एकाच हाताच्या, हें सांगितल्यावांचून कोणास खरें वाटूं नये. एका आकारांत यश मिळालें म्हणजे बहुतेक कलावंत जन्मभर तोच घोंटीत बसतात. गांदिनीनें म्युराच्या गोलाईकडे पाठ फिरविली ती कायमची.

इकडे पिनिनफारिना गप्प नव्हते. त्यांच्या पाओलो मार्तिननें फेरारीच्या शर्यतीच्या सांगाड्यावर मोदुलो नांवाची गाडी केली व 1970 च्या मार्चमध्यें ती जिनीव्हास आली. कराबोहूनहि ती कांहीं सेंटीमीटरांनीं ठेंगणी. ठेंगणेपणाची ही चढाओढ चालली असतां झीरो आली आणि आणखी नऊ-साडेनऊ सेंटीमीटर खालीं उतरली. यापुढें उतरावयास जागाच नव्हती. कारण मोटारींत माणूस बसावयाचा असतो, आणि माणसाच्या उंचीस मर्यादा आहे.

माणूस झीरोंत बसावयाचा कसा, हा तिच्या रचनेंतला सर्वांत मौजेचा भाग. समोरची कांच चौकटीसकट वर उचलली जाई, तेंच दार. चढणारानें नाकावर बसविलेल्या काळ्या रबरी पट्टीवर पाय द्यावयाचा, स्टिअरिंगचा दांडा पुढें सारावयाचा, आणि उतरत्या पाठीच्या आसनांत जवळ जवळ आडवें व्हावयाचें. मग दांडा जागीं ओढला आणि कांच मिटली कीं झालें. पाय पुढच्या दोन चाकांच्या मध्यें येत. मागें त्रिकोणी पट्ट्यांच्या झांकणाखालीं एंजिन. मागचें दिसणें जवळ जवळ नाहींच. समोरचा रस्ता दिसे तोहि चाकांपासून फार खालून पाहिल्यासारखा. उन्हाळ्यांत त्या उतरत्या कांचेखालीं बसणाराचे काय हाल होत असतील, याची कल्पना आपल्या लोकांस अधिक चांगली येईल! अपघात होऊन गाडी उलटली तर कांचेचें दार उघडणार कसें, हा प्रश्न तर विचारूंच नये. वापरण्याच्या दृष्टीनें झीरो ही चुकीची गाडी होती, यांत संशय नाहीं.

आणि तरीहि तिला पाहून ‘हें खेळणें आहे’ म्हणून निघून जाणें कठीण होतें. कारण ती पुठ्ठ्याची नव्हती, चालत होती. प्रदर्शनांतल्या पुष्कळशा गाड्या ढकलून मांडवांत आणतात. त्यांच्या पोटांत एंजिनच नसतें. नूच्चो बर्तोनेनें ही गाडी चालेल अशी करविली, यांत त्याचा सारा व्यापारी मुत्सद्दीपणा दिसून येतो.

याचा प्रत्यय लौकरच आला. लान्चियाच्या मंडळींनीं गाडीबद्दल कुतूहल दाखवून भेटीस बोलाविलें, तेव्हां नूच्चो कोणा हस्तकास न पाठवितां स्वतः झीरोंत आडवा झाला आणि तुरिनच्या भर रहदारींतून ती हांकीत लान्चियाच्या फाटकाशीं आला. फाटकावर आडवा दांडा होता. तो उचलला जाण्याची वाट न पाहतां गाडी त्या दांड्याखालून सरळ आंत गेली, आणि आवारांतील कामकऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या, असें सांगतात. दुसऱ्याच्या कामांत पाचर मारणें हें आपल्या भाषेंत आडकाठीचें लक्षण. येथें मात्र पाचर आडकाठीखालून आंत शिरली. त्या भेटींतून बर्तोनेस जें हवें होतें तें मिळालें: लान्चियासाठीं शर्यतीची नवी गाडी बांधण्याचें काम.

लान्चियाच्या शर्यतविभागाचा प्रमुख चेझारे फिओरियो हा कल्पनेवर भाळणारा, पण हिशेबांत पक्का माणूस होता. त्याला हवी होती रॅलीची गाडी. रॅली म्हणजे बांधीव वर्तुळांत फेऱ्या घालण्याची शर्यत नव्हे. डोंगरांतले नेहमींचेच रस्ते, बर्फ, खडी, चिखल, रात्रीचा अंधार. शेजारीं नकाशा व टिपणें वाचणारा सोबती. आणि वाटेंत कांहीं मोडलें तर घाईघाईनें दुरुस्ती. आजवर रॅलीस उतरणाऱ्या गाड्या म्हणजे दुकानांत मिळणाऱ्या साध्या गाड्याच, जरा सुधारून घेतलेल्या. फिओरियोचा विचार असा कीं, उलटें करावें: गाडी प्रथमपासून रॅलीसाठींच योजावी, आणि नियमाप्रमाणें विक्रीसाठीं ज्या पांचशें गाड्या काढाव्या लागतात त्या तेवढ्यापुरत्या काढाव्या. आज हा विचार साधा वाटतो. त्या वेळीं तो कोणी केला नव्हता.

तेव्हां झीरो पुन्हा गांदिनीच्या फळ्यावर आली आणि तिच्यावर करवत चालली. उंची वाढून सुमारें 111 सेंटीमीटर झाली. कांचेचें दार गेलें व बाजूंस दोन रीतसर दारें आलीं. त्या दारांच्या आंतल्या अंगास इतके खोल खण ठेविले कीं चालकाचें व सोबत्याचें शिरस्त्राण त्यांत मावावें. समोरची कांच उभ्या नळकांड्याचा एक काप काढावा तशी वळविली, म्हणजे वळणांवर चालकास दोन्ही बाजूंचा रस्ता वांकडातिकडा न होतां दिसावा. माणसें बसण्याचा मधला भाग पोलादी पेटीसारखा मजबूत केला, आणि पुढचें व मागचें अंग हलक्या फायबरग्लासचें करून शिंपल्यासारखें सबंध उघडेल असें ठेविलें; डोंगरांत मध्यरात्रीं दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास यासारखें वरदान नाहीं. पुढच्या व मागच्या चाकांच्या आंसांमधील अंतर अवघें 2.18 मीटर. इतकी आंखूड गाडी भरवेगांत चंचल होते आणि कच्च्या चालकाच्या हातून निसटते. पण घाटांतल्या आंकड्यासारख्या वळणावर तीच चंचलता कामास येते.

मग उरलें काय? पाचर उरली. नाक खालीं, उतार सरळ, एंजिन पाठीमागें, सारें वजन मधोमध, आणि अंगावर एकहि अनावश्यक रेघ नाहीं. झीरोंतलें जें पाहणाराचे डोळे दिपविण्यासाठीं होतें तें गेलें; जें वाऱ्यासाठीं व चाकांसाठीं होतें तें राहिलें. कोणत्या गोष्टी कोणत्या कप्प्यांतल्या, हें ज्या माणसानें पहिली गाडी काढली त्यानेंच दुसरी काढतांना ठरविलें, ही बर्तोनेच्या कारखान्यांतील खरी चांगली गोष्ट. कल्पना एकाची आणि काटछांट दुसऱ्याची, असें झालें म्हणजे बहुधा चुकीचाच अवयव कापला जातो.

फुल्व्हियाचें एंजिन आतां अपुरें होतें. फेरारीच्या दिनो गाडीचें सहा नळ्यांचें 2,418 घन सेंटीमीटरांचें एंजिन घ्यावें असें ठरलें. पण एंझो फेरारी तें देण्यास सहजासहजीं तयार होईना. आपलें एंजिन दुसऱ्याच्या पोटांत जाऊन आपल्याच गाडीशीं स्पर्धा करणार, हें कोणास रुचेल? अखेर एंजिनें मिळालीं. विक्रीच्या गाडींत त्यांची शक्ति 190 अश्वशक्ति होती व शर्यतीच्या गाडींत पुष्कळच अधिक. नवी स्ट्रॅटोस 1971 सालच्या तुरिनच्या प्रदर्शनांत दाखविली गेली. 1972 सालीं कॉर्सिकाच्या रॅलींत ती प्रथम उतरली आणि शर्यत पुरी न करतांच बाहेर पडली. गाडीच्या मागच्या बाजूची बांधणी, चाकांचे आधार, सारेंच पुन्हा पुन्हा तपासावें लागलें. माइक पार्क्स या शर्यतपटु इंग्रज एंजिनिअरनें या कामीं मोठे श्रम घेतले. 1973 सालीं स्पेनमध्यें सांद्रो मुनारीच्या हातीं तिला पहिला विजय मिळाला.

1974 च्या ऑक्टोबरांत नियमाप्रमाणें तिला मान्यता मिळाली आणि उरलेल्या तीन महिन्यांत तिनें इतकें मिळविलें कीं त्या वर्षाचें जागतिक अजिंक्यपद लान्चियाकडे आलें. 1975 आणि 1976 सालींहि तें तेथेंच राहिलें. मॉन्टे कार्लोची रॅली मुनारीनें 1975, 1976 व 1977 अशी ओळीनें तीनदां जिंकली. 1976 सालीं तर पहिले तीनहि क्रमांक स्ट्रॅटोसचेच. आफ्रिकेंतील सफारी रॅली मात्र तिच्या हातीं लागली नाहीं. 1975 सालीं दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. मग फियाटच्या मनानें घेतलें कीं, जिंकावयाचें तर लोकांना विकतां येईल अशा फियाट नांवाच्या गाडीनें जिंकावें, आणि स्ट्रॅटोसचा राजाश्रय सुटला. तरीहि 1979 सालीं बेर्नार दार्निश या फ्रेंच चालकानें एका खासगी संघाच्या स्ट्रॅटोसमधून मॉन्टे कार्लो पुन्हा जिंकली. दुसऱ्या क्रमांकाच्या फोर्डपेक्षां तो अवघा सहा सेकंद पुढें होता!

गांदिनीचें नांव या सर्व काळांत सामान्य लोकांस ठाऊक नव्हतें. गाडीवर बिल्ला असे तो बर्तोनेचा; वर्तमानपत्रांतहि तेंच नांव. या धंद्याची रीतच तशी. राजवाड्यावर राजाचें नांव, गवंड्याचें नव्हे. 1980 सालीं तो बर्तोने सोडून स्वतंत्र झाला. वृद्धपणीं त्याच्या पदरांत त्याचें श्रेय उशिरा कां होईना पडलें, आणि 2024 च्या मार्चमध्यें पंचायशीव्या वर्षीं तो वारला.

घराण्याचें दैव मात्र फिरलें. नूच्चो 1997 सालीं निवर्तला. मोठे कारखाने थोडक्या संख्येच्या गाड्याहि आपल्याच यंत्रांवर काढूं लागले व बाहेर बांधावयास देण्याचें काम आटत गेलें. देणें फेडण्यासाठीं घराण्याच्या संग्रहांतील कांहीं गाड्या 2011 च्या मे महिन्यांत कोमो सरोवराकांठीं लिलांवांत काढल्या. त्यांत झीरो होती. चाळीस वर्षें तिला बर्तोनेनें हातचें सोडलें नव्हतें. ती 7,61,600 युरोंस गेली, आणि 2014 सालीं जुन्या बर्तोनेचें दिवाळें निघालें.